पाच एकर माळ आणि सव्वीस शेळ्या : पन्हाळा तालुक्यातील एका कुटुंबाच्या चराऊ पशुपालनाचे प्रकरण

हे प्रकरण आमच्याच घरचे आहे. जोतिबाच्या डोंगराच्या पूर्व उतरणीला, पन्हाळा तालुक्यात, आमच्या कुटुंबाची सात एकर जमीन आहे. त्यातली दोन एकर विहिरीच्या पाण्यावर उसाखाली असते आणि उरलेली पाच एकर हा उताराचा मुरमाड माळ आहे. माझे सासरे, ज्यांना घरात सगळे आबा म्हणतात, त्यांच्या आठवणीत या माळावर कधी पीक उभे राहिलेले नाही. २०२० च्या टाळेबंदीत माझ्या यजमानांची पुण्यातील नोकरी सुटली, आम्ही गावी परतलो आणि त्याच वर्षी दसऱ्यानंतर माळावर शेळ्या पाळायच्या असे ठरले. हिशेबाची वही पहिल्या दिवसापासून माझ्याकडे राहिली. घरच्या कळपाचे आणि खर्चाचे जे आकडे पुढे येतील, ते सर्व त्या वहीतले आहेत.

आमची चूक रोगात नव्हती, बाजारभावात नव्हती आणि कष्टात तर मुळीच नव्हती. जनावरांची संख्या आम्ही आश्विनात ठरवली, ही चूक होती. आश्विनात गवत कमरेला लागत होते आणि त्या गवताकडे पाहून आम्ही वर्षाचा अंदाज बांधला.

जनावर निवडताना

कोल्हापूर जिल्ह्यात पाऊस काही कोसांवर बदलतो. गगनबावड्याला तो वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर जातो, तर शिरोळच्या बाजूला पाचशे-सहाशेच्या आसपास राहतो. आमचे रान या दोन टोकांच्या मधले असले तरी आषाढ-श्रावणात ते ओल्या बाजूला झुकते. हे आम्हाला माहीत होते, पण जनावर निवडताना त्याचे वजन आम्ही पुरेसे धरले नाही.

आबांच्या मनात खिलार गाई होत्या. परंतु चराऊ पद्धतीत गाय ठेवायची तर गोऱ्ह्यांचे काय करायचे हा प्रश्न उरतो. ट्रॅक्टर आल्यापासून बैलांची मागणी उतरली आहे आणि २०१५ पासून राज्यात बैल व वळू यांच्याही कत्तलीला कायद्याने बंदी आहे, त्यामुळे जन्मणारे प्रत्येक नर वासरू आयुष्यभर सांभाळण्याची तयारी असेल तरच तो मार्ग धरावा, असे माझे मत तेव्हाही होते आणि आजही आहे. मेंढ्यांचा विचार कुसळीमुळे मागे पडला. आमच्या माळावर निम्म्याहून अधिक कुसळी गवत आहे. दिवाळीच्या सुमारास त्याचे कुसळ पक्व होते, लोकरीत रुतते आणि पुढे कातडीतही शिरते. शेळीला लोकर नसल्याने तो त्रास कमी होतो. उस्मानाबादी शेळी बहुधा जुळी देते, उन्हाला टिकते आणि कोल्हापुरात मटणाला वर्षभर गिऱ्हाईक आहे, असा विचार करून आम्ही सव्वीस शेळ्या आणि एक बोकड घेतले. काही जनावरे पेठ वडगावच्या बाजारातून आणि काही आसपासच्या गावांतून आली.

या टप्प्यावर एक गोष्ट आम्ही नीट केली, ती नोंदवतो. बाजारातून आलेली जनावरे घरच्या दोन म्हशींपासून आणि गावातल्या इतर शेळ्यांपासून एकवीस दिवस वेगळी ठेवली आणि डॉक्टरांकडून पीपीआर या शेळ्या-मेंढ्यांच्या जीवघेण्या साथीच्या रोगाची लस टोचून घेतली. नव्याने सुरुवात करणाऱ्यांचे कळप पहिल्याच महिन्यात याच रोगाने बसलेले मी पाहिले आहेत. ही लस एकदा दिली की तीन वर्षे पुरते, आणि तरीही ती टाळणारे बरेच आहेत.

शेळीच्या स्वभावाकडे मात्र आमचे दुर्लक्ष झाले. मेंढी मान खाली घालून गवत खाते, तर शेळी मूळची पाला खाणारी आहे. मागच्या पायांवर उभी राहून ती बोरी-बाभळीचे शेंडे ओरबाडते आणि गवताला नाइलाज म्हणून तोंड लावते. आमच्या माळावर झाड जवळजवळ नव्हते. ज्या जनावराने तोंड वर ठेवून खावे, त्याला आम्ही तोंड जमिनीला लावायला भाग पाडले, आणि त्याची किंमत आषाढात मोजावी लागली.

पहिला उन्हाळा आणि पहिला आषाढ

मार्गशीर्षापर्यंत सारे सुरळीत चालले. नंतर कुसळी वाळून काडीसारखी झाली आणि शेळ्या तिच्यावरून चालत जाऊ लागल्या. पक्व झालेल्या या गवतात प्रथिने इतकी कमी उरतात की पोट भरले तरी जनावर खंगते. ऊसतोडणी सुरू होती तोपर्यंत वाड्यावर, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांवर भागले, परंतु वाड्यात ऑक्झलेट असते, ते शरीरातील कॅल्शियम बांधून ठेवते आणि म्हणून नुसत्या वाड्यावर गाभण जनावर ठेवू नये, हे आम्हाला डॉक्टरांनी फेब्रुवारीत सांगितल्यावर कळले. कारखाने बंद झाले तसे वाडेही संपले. एप्रिल आणि मे या दोन महिन्यांत कडबा व भरडा यांवर ३१,००० रुपये खर्च झाले. कडब्याची कुट्टी न करता, म्हणजे तो बारीक न कापता, पेंढ्या तशाच टाकल्यामुळे शेळ्यांनी पाने तेवढी खाल्ली आणि धांडे पायाखाली तुडवली.

जून उजाडला, माळ हिरवा झाला आणि घरात सर्वांना हायसे वाटले. त्याच सुमारास शेळ्या व्यायला लागल्या. जुलैच्या मध्यापर्यंत एकतीस करडे झाली होती. पावसाची उघडीप मिळेल तेव्हा आम्ही सकाळी लवकर कळप माळावर सोडत होतो आणि कोवळे गवत जिथे दिसेल तिथे शेळ्या पुन्हा पुन्हा तेच ठिकाण चरत होत्या.

२०२१ च्या जुलैतील शेवटच्या आठवड्याचा महापूर कोल्हापूरकरांना सांगायला नको. पंचगंगेने रस्ते अडवले आणि आमच्या गावापर्यंत चार दिवस कोणी पोहोचू शकले नाही. शेळ्या मात्र पुराने मेल्या नाहीत. आमचे रान उंचावर आहे, तिथे पाणी चढतच नाही. पहिल्या शेळीच्या जबड्याखाली पाण्याने भरलेली मऊ सूज दिसली, ती खायची थांबली आणि तिसऱ्या दिवशी गेली. नंतर करडे जाऊ लागली. हगवण नव्हती, ताप नव्हता, खोकला नव्हता. पापणी उलटून पाहिली तर आतला भाग कागदासारखा पांढरा होता. श्रावण लागेपर्यंत चार शेळ्या आणि अकरा करडे गेली.

रस्ता मोकळा झाल्यावर लेंडीची तपासणी झाली आणि कारण समजले. हिमॉन्कस नावाचा गोल जंत शेळ्या-मेंढ्यांच्या चौथ्या पोटात राहतो आणि रक्त पितो. एक जंत दिवसाला सुमारे ०.०५ मिलिलिटर रक्त घालवतो. हा आकडा क्षुल्लक वाटतो, पण पोटात पाच हजार जंत असतील तर दिवसाला पाव लिटर रक्त जाते, आणि तीस किलोच्या शेळीच्या अंगात सारे रक्त दोन लिटरच्या आसपासच असते. करडाच्या बाबतीत तर हिशेब करण्याचीही गरज नाही. एक मादी दिवसाला हजारो अंडी घालते, ती लेंडीतून गवतात पडतात, आणि उबदार ओल्या हवेत साधारण चार ते सात दिवसांत त्यांतून संसर्ग करणाऱ्या अळ्या तयार होतात. या अळ्या दवाच्या थेंबातून गवतावर चढतात, तरी बहुतेक जमिनीलगतच्या चार बोटांत राहतात. आम्ही दव असताना शेळ्या सोडत होतो, आठवडाभरात त्याच जागी परत चारत होतो आणि गवत मुळापर्यंत खाऊ देत होतो. त्या जंताला जे जे हवे, ते सर्व आमच्या हातून घडत होते.

जंताचे औषध आम्ही दिले नव्हते असे नाही. जूनच्या सुरुवातीला सर्व शेळ्यांना अल्बेंडाझोल पाजले होते, परंतु वजन न करता, अंदाजाने आणि सर्वांना सारखेच. शेळीच्या शरीरातून हे औषध मेंढीपेक्षा लवकर बाहेर पडते, त्यामुळे मेंढीच्या मापाने दिलेली मात्रा तिला अपुरी पडते. अपुऱ्या मात्रेतून वाचलेले जंत पुढे औषधालाच दाद देत नाहीत. मात्रा डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी आणि गाभण शेळीला सुरुवातीच्या महिन्यात हे औषध देऊ नये, हे त्या वर्षी आम्ही शिकलो.

धनगराचे उत्तर

दरवर्षी दिवाळीनंतर एक मेंढपाळ कुटुंब आमच्या मोकळ्या रानात मेंढरे बसवायला येते. आबांचा आणि त्यांचा संबंध जुना आहे. रानाला खत मिळते आणि त्यांना धान्य व पैसे मिळतात. २०२१ च्या नोव्हेंबरात ते आले तेव्हा त्यांच्यातील वडीलधाऱ्या गृहस्थांना आमची हकिकत समजली. त्यांनी माळावर एक फेरी मारली, लेंड्यांनी काळी पडलेली गोठ्याजवळची जागा पाहिली आणि म्हणाले, “वैनी, तुमची शेरडं उष्ट्या ताटात परत परत जेवत्यात.”

त्या एका वाक्यात अळ्यांचे सगळे शास्त्र आले होते. हे लोक पावसाळ्याच्या तोंडाशी ओला पट्टा सोडून पूर्वेला कमी पावसाच्या मुलखात उतरतात आणि पाऊस सरल्यावर परततात. एका रानात ते दोन-तीन रात्रींवर थांबत नाहीत आणि रात्री मेंढरे कोंडायची जाळी, म्हणजे वाघर, रोज नव्या जागी लावतात. आपल्याकडे या फिरस्तीकडे नाइलाज म्हणून पाहिले जाते. माझ्या मते ती पिढ्यान्‌पिढ्या पारखून घेतलेली रोगनिवारणाची पद्धत आहे आणि स्थिर राहून पशुपालन करू पाहणाऱ्याने सर्वांत आधी तिचा अभ्यास करावा. धनगर जे दोन-तीन जिल्ह्यांत करतो, ते आम्हाला पाच एकरांत करायचे होते.

चौकट आणि संख्या

त्याआधी, ऑक्टोबरात, मी एक साधे मोजमाप करून ठेवले होते. एक मीटर लांब-रुंद अशी सळईची चौकट करून ती माळावर दहा ठिकाणी टाकली, आतले गवत कापले, उन्हात खडखडीत वाळवले आणि वजन केले. सरासरी २२० ग्रॅम भरली. पाच एकर म्हणजे दोन हेक्टर धरले तर वाळलेले गवत ४,४०० किलो होते. माळ पुढच्या वर्षी जिवंत राहायचा तर त्यातले निम्मे जागेवरच सोडले पाहिजे, म्हणजे जनावरांच्या वाट्याला २,२०० किलो येतात. तीस किलोच्या शेळीला दिवसाला सुमारे एक किलो कोरडा चारा लागतो, म्हणजे वर्षाला ३६५ किलो. भागाकार केला तर उत्तर सहा येते.

सहा शेळ्या चरतील अशा माळावर आम्ही सव्वीस आणल्या होत्या, आणि वर त्यांची करडे होती. हा आकडा मी आबांना दाखवला तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. खरेदीचा आग्रह त्यांचा एकट्याचा नव्हता, आम्हा सर्वांचा होता, आणि ही गोष्ट मी त्यांना त्याच वेळी सांगितली.

मग उलट्या बाजूने विचार केला. उसाच्या दोन एकरांतून वीस गुंठे काढून तिथे फुले जयवंत हे संकरित नेपियर गवत लावले. आमच्या पाण्यावर त्याचा वर्षाला वीस-बावीस टन हिरवा चारा निघतो. त्यात पाणी वगळता चार टनांच्या आसपास कोरडा भाग असतो आणि तो अकरा शेळ्यांना पुरतो. सहा आणि अकरा मिळून सतरा होतात. करडांचा आणि वाईट वर्षाचा वाटा राखून आम्ही चौदा शेळ्या ठेवायच्या ठरवल्या. बाकीच्या विकल्या. त्या विक्रीत तोटा झाला, परंतु तो एकदाच झाला.

याच काळात राष्ट्रीय पशुधन अभियानाचा सल्ला अनेकांनी दिला. या योजनेत २०२१ पासून शेळीपालनाच्या प्रकल्पाला भांडवली खर्चाच्या निम्मे अनुदान मिळू लागले, मात्र त्यातला सर्वांत लहान प्रकल्पही शंभर किंवा त्याहून अधिक शेळ्यांचा होता. योजना बंदिस्त किंवा मोठ्या पालनासाठी योग्य असू शकते. सहा शेळ्यांच्या माळावर अनुदानासाठी शंभर शेळ्या आणणे म्हणजे आमचीच चूक चौपट करणे ठरले असते.

माळाची नवी मांडणी

पाच एकरांचे बारा पट्टे पाडले. कडेला सौरऊर्जेवरचे झटका मशीन बसवले आणि आतल्या पट्ट्यांसाठी धनगरांसारखीच जाळीची वाघर घेतली, कारण ती दोन माणसे अर्ध्या तासात हलवू शकतात. कळप एका पट्ट्यात तीन दिवस राहतो, म्हणजे पडलेल्या अंड्यांतून अळ्या तयार होण्याआधीच तो पुढे सरकतो. पुन्हा त्याच पट्ट्यावर यायला मध्ये तेहतीस दिवस जातात. उबदार पावसाळी हवेत बहुतेक अळ्या चार ते सहा आठवड्यांत मरतात. तेहतीस दिवस ही मुदत काठावरची आहे हे मला मान्य आहे, म्हणून शेळ्यांच्या मागोमाग त्याच पट्ट्यात आमच्या दोन म्हशी सोडतो. शेळीचा हा जंत मोठ्या म्हशीच्या पोटात सहसा टिकत नाही, त्यामुळे गवताबरोबर गेलेल्या अळ्या तिथेच संपतात. म्हशींचे दूध संस्थेला जाते आणि दर दहा दिवसांनी येणाऱ्या त्या बिलावरच शेळ्यांचा मिठापासून औषधापर्यंतचा रोख खर्च चालतो.

पावसाळ्यात सकाळी दहापूर्वी, दव उतरल्याशिवाय, कळप सोडत नाही. गवत चार बोटांच्या खाली गेले की तीन दिवस पुरे झाले नसले तरी पट्टा बदलतो. सलग पाऊस लागला तर शेळ्या गोठ्यातल्या बांबूच्या मचाणावरच राहतात आणि कुट्टी केलेले नेपियर खातात. मचाणाच्या फटींतून लेंड्या खाली पडतात, त्यामुळे चाऱ्याला घाण लागत नाही. बांधावर शेवरी, हादगा आणि सुबाभूळ लावले आहे. सुबाभळीत मिमोसिन हा घातक घटक असल्याने तिचा पाला एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आतच ठेवतो. माळावर मारवेल गवताचे ठोंब आणि स्टायलो या चाऱ्याच्या पिकाचे बी टाकले. मारवेल जिथे माती हातभर आहे तिथेच धरला. उघड्या मुरमावर स्टायलो तगला, आणि तो द्विदल असल्याने त्याने तिथल्या चाऱ्याचा कसही वाढवला. माघ-फाल्गुनातल्या वणव्यासाठी कडेने सहा हात रुंदीचा पट्टा आधीच साफ करतो. कोंबड्यांचाही एक प्रयत्न झाला. मुंगसांमुळे तो टिकला नाही.

औषध आता सर्वांना एकदम देत नाही. दक्षिण आफ्रिकेत तयार झालेल्या फमाचा नावाच्या तक्त्यावर पापणीच्या आतल्या रंगाच्या पाच छटा असतात. आषाढ ते भाद्रपद दर दहा दिवसांनी प्रत्येक शेळीची पापणी त्याच्याशी ताडून पाहतो आणि फिकट दिसेल तिलाच, वजन करून, औषध देतो. दोन शेळ्या प्रत्येक वेळी फिकट निघत. त्या विकल्या आणि त्यांच्या पाटी, म्हणजे मादी करडे, कळपात ठेवल्या नाहीत. आंत्रविषार या आतड्याच्या रोगाची लस पावसाळ्यापूर्वी आणि पंधरा दिवसांनी पुन्हा, अशी दरवर्षी होते.

सर्वांत मोठा फरक विण्याच्या वेळेने पडला. शेळी दीडशे दिवसांत विते. बोकड आता वर्षभर वेगळा बांधतो आणि मेच्या मध्यापासून जूनअखेर कळपात सोडतो, म्हणजे करडे ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतात, तेव्हा पाऊस सरलेला असतो आणि पुढे वाड्याचा हंगाम असतो. अडचण अशी की माजावर येण्यासाठी शेळी मे महिन्यात अंगाने भरलेली हवी आणि नेमका तोच महिना चाऱ्याच्या टंचाईचा. म्हणून ऑक्टोबरात हिरवा मका विकत घेऊन पिशव्यांत मुरघास करतो, म्हणजे तो हवाबंद करून मुरवतो, आणि तो एप्रिलपर्यंत उघडायचा नाही असा घरात नियम आहे. २०२२ च्या पावसाळ्यात एक शेळी गेली. २०२३ मध्ये एकही नाही.

विक्री आणि हिशेब

पहिल्या वर्षी व्यापाऱ्याने नजरेने पाहून उक्ता भाव केला आणि आम्ही तो घेतला. आता काटा टांगून जिवंत वजनावरच देतो. नोव्हेंबरचे करडू आषाढात सात-आठ महिन्यांचे होते. तेव्हा कोल्हापुरात त्र्यंबोलीची जत्रा असते, घरोघरी आखाड साजरा होतो आणि मागणी वर्षातली सर्वांत चांगली असते. श्रावण लागला की ती एकदम उतरते. बकरी ईदेसाठी बोकड वर्षाचा पूर्ण आणि निर्दोष लागतो, आणि तो सण दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो. २०२१ मध्ये तो २१ जुलैला होता, २०२४ मध्ये १७ जूनला. त्यामुळे ईदेसाठी ठेवायचा बोकड एका पूर्ण पावसाळ्यातून न्यावा लागतो. आमच्या माळावर ती जोखीम दोन-तीन बोकडांपुरतीच घ्यावी असे मी ठरवले आहे.

२०२३-२४ या वर्षी सोळा जनावरे विकली. एकूण वजन ३२६ किलो आणि सरासरी भाव ३९० रुपये, म्हणजे १,२७,१४० रुपये आले. कडबा, भरडा आणि मुरघासाला २९,४००, लस व औषधांना ५,८००, जाळी-तारेच्या दुरुस्तीला ६,००० आणि किरकोळ ३,२०० असा ४४,४०० रुपये खर्च झाला. शिल्लक ८२,७४० रुपये. या कामाला आम्हा सर्वांचे मिळून दिवसाला पाच तास लागतात. वर्षाच्या १,८२५ तासांनी भागले तर तासाला ४५ रुपये पडतात. लेंडीखत उसाला जाते, त्याची किंमत यात धरलेली नाही, आणि वीस गुंठ्यांतला ऊस गेला त्याचीही वजावट केलेली नाही. हा आकडा मी मुद्दाम देत आहे, कारण शेळीपालनातून लाखो मिळतात असे सांगणारे तासांचा हिशेब कधी मांडत नाहीत. माझे यजमान आता आठवड्यातले चार दिवस शिरोलीला कामाला जातात. घर त्या पगारावर, उसावर आणि दुधावर चालते; शेळ्यांच्या पैशांतून दोन मुलांची फी आणि विहिरीचे काम झाले.

या आश्विनात चौकट पुन्हा त्याच दहा ठिकाणी टाकली. सरासरी ३१० ग्रॅम भरली. आबांनी त्याच संध्याकाळी आणखी सहा शेळ्यांचा विषय काढला आणि सासूबाईंनी तो उचलून धरला. मी वहीत आकडा लिहिला आहे, पण खरेदीचा निर्णय मे महिन्यात, मुरघासाच्या किती पिशव्या उरतात ते मोजून करायचा, असे चौघांनी मिळून ठरवले आहे.